पाच घरांचा एक वट्टा

हिंगोलीहून गोरेगावकडे निघालेल्या जीपमध्ये मला चालकाशेजारची जागा मिळाली, म्हणजे गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय आणि मांडीवर कुणाची तरी पिशवी. खेड्यात राहायला आणि काम करायला परवडणाऱ्या जागा कशा उभ्या राहतात, हे बघत मी हिंडत होतो. गोरेगावच्या पुढच्या एका गावात कारागिरांसाठी ‘उद्योग भवन’ झाल्याचं कानावर आलं होतं. बाहेर तुरी शेंगांनी लवल्या होत्या, हळदीची पानं पिवळी पडत चालली होती.

उद्योग भवन सापडलं. फाट्यावर काळी कोनशिला, तिच्यावर सोनेरी अक्षरांत सात नावं आणि एक ‘शुभहस्ते’. मागं बाभळी.

“इमारत कुठंय?” मी चहावाल्याला विचारलं.

“वाचली न्हाई का तुमी?” तो दगडाकडं बोट करून म्हणाला. “कामाची जागा बघायची असंल तर बौद्धवाड्यात जा. रेखाताईच्या लायनीची आज आखणी हाय.”

बौद्धवाड्यात पाच कुटुंबांना शेजारी-शेजारी घरकुलं मंजूर झाली होती. शब्बीर मिस्त्री भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की (चुन्याची भुकटी) सोडत रेघा मारत होते. पदर खोचून उभी असलेली रेखा गावातल्या बायकांना घेऊन शाळेचे गणवेश शिवते. तिचा बेत साधा होता. पाचही घरं सहा फूट मागं घ्यायची आणि पुढं सलग एकच वट्टा (ओटा) करायचा.

“वट्टा इतका लांब काहून?” मी विचारलं.

“कापडाचं थान पसरायला, दादा. थरावर थर टाकून एकदाच कापायचं असतं. सध्या विहारात पसरतो. वंदनेची वेळ झाली की उचलतो. पुन्हा पसरलं की थर सरकतात, आन् एका बाहीला दुसरी बहीण सापडत न्हाई.”

चार घरांची रेघ सरळ आली होती. अडलं होतं मधल्या घरापाशी. तिथं देवराव उभे होते आणि बाभळीला टेकून त्यांचं नवंकोरं लोखंडी फाटक. फाटकावर दोन मोर, मधे कमळ. पुण्यातल्या मुलानं फोटो धाडला होता, त्याबरहुकूम केलेलं. त्यांना घर पार पुढं, रस्त्याला लागून हवं होतं. म्हणजे वट्टा मधोमध तुटणार.

“फाटकाबिगर घराला काय शान?” देवराव म्हणाले.

 शेजारणीनं मला हळूच सांगितलं, रेखाच्या मालकानं पुण्याकडं खोली घेतलीय. रविवारी येणार हिला न् दोन्ही पोरींना न्यायला. वट्टा झाला तर ऱ्हाईल म्हणती.

ही गंभीर बाब ऐकत मी फोटोसाठी दोन पावलं मागं सरलो आणि मधल्या घराची रेघ बुटानं साफ पुसून टाकली.

“वा साब!” शब्बीर मिस्त्री म्हणाले. “दो घंटे का झगडा आपने एक जूते में मिटा दिया.”

सगळे हसले. देवराव हसले नाहीत, पण मिशी हलली. मिस्त्री दोरी शोधू लागले.

“दोरी ऱ्हाऊ द्या,” रेखा म्हणाली. विहारातून तिनं थानाखाली अंथरायची, जुन्या साड्या जोडून शिवलेली लांबलचक पट्टी आणली. एक टोक पहिल्या घराच्या कोपऱ्यावर दगडाखाली दाबलं आणि उलगडत निघाली. पहिलं घर, दुसरं घर. तिसऱ्यापाशी देवरावांच्या चपला आल्या.

रेखा वाकलेलीच थांबली. “मामा, पाय.”

देवराव हलले नाहीत. पट्टीही हलली नाही.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी गंगाबाई पुढं आल्या. त्या गणवेशांना काज-बटणं करतात. “तीस वर्सं मी दुसऱ्याच्या दारात बसून काम केलं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आता माझ्या दारात बसंन म्हणते, तर तुमी मोर आणून ठिवले!”

“मग फाटकाचं काय करू?”

“मागच्या अंगानं म्हशीला लावा. तिला शान न्हाई का?”

देवरावांनी फाटकाकडं बघितलं, मग रेखाच्या वाकलेल्या पाठीकडं. “मिस्त्री,” ते शेवटी म्हणाले, “मागं फाटकाला जागा सोडा. मोर बाहेरून दिसले पायजेत.” आणि त्यांनी पाय उचलले.

पट्टी पाचव्या घरापर्यंत गेली. तिच्या काठाकाठानं मिस्त्रींनी रेघ मारली.

रेखाकडं जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) झणझणीत आमटी होती. माझं नाक वाहत असताना रेखा दारात उभी राहून फोनवर नवऱ्याशी बोलत होती. “रविवारी या. पर आमाला न्यायला न्हाई, वट्ट्याची रेघ बघायला या. व्हय, ठरलं माझं. आन् येताना मोठी कातर आणा, कापडाची.”

परतीची जीप फाट्यावर बराच वेळ भरत होती. कोनशिलेवर एक शेळी चढून बाभळीचा पाला खात होती. निदान तिला तरी त्या भवनाचा लाभ मिळाला. माझे बूट फक्कीनं पांढरे झाले होते, ते झटकावेसे वाटले नाहीत. तबकात ठेवलेल्या, फिती कापायच्या कातऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. फीत कापली की त्यांचं काम संपतं. रविवारी येणारी कातर मात्र रोज चालणार होती.