कमी भिजवलेला वेत

तैवानमधल्या काओशुंग बंदरातल्या एका कारखान्यात बाँगयो सव्वीस वर्षं वेत विणत होती. तिथे परदेशी गिऱ्हाइकांसाठी शिडाच्या बोटी बनायच्या. बोटीच्या आतल्या कपाटांच्या दारांना सागाची चौकट आणि मधे वेताची जाळी लागते. अखंड फळीचं दार लावलं तर समुद्रावर आठवड्याभरात कपड्यांवर बुरशी चढते. जाळीतून वारा खेळतो. चौकटी तिचा नवरा त्सुईबोक करायचा. जाळी ती भरायची.

ती घरातली चौथी मुलगी. तिच्या नावाचा अर्थच ‘असू दे, वाढेल कशीतरी’. आठव्या वर्षी मामाने तिला खुर्च्या विणायला बसवलं. तिथून तिची बोटं वेताला लागली, ती लागलीच.

वेताचे तिचे नियम होते. दीड तास पाण्यात ठेवायचा, एक मिनिट कमी नाही. ओली जाळी ताणून चौकटीच्या खाचेत दाबायची, वरून पट्टी ठोकायची. वेत वाळताना आवळतो. दुसऱ्या दिवशी टिचकी मारली की टणकन वाजला पाहिजे. खुर्चीत थोडं ढिलं खपतं, बोटीत खपत नाही. समुद्राची हवा वेताला रोज थोडी सैल करते. म्हणून मुळातच घट्ट हवा.

त्या हिवाळ्यात कारखान्यात दोनच बोटी उभ्या होत्या. आधी नऊ असायच्या. दर महिन्याला कुणाला तरी घरी बसवत होते. रंगकाम करणारा लाई घरी बसला आणि दोन महिन्यांत गेला. त्याला कसलाही आजार नव्हता. त्सुईबोक त्याच्या अंत्ययात्रेहून आला, हात धुतले आणि म्हणाला, “मला कारखान्याच्या दारातून उचलूनच बाहेर न्या. चालत नाही जायचा मी.”

अठरा दारांच्या चौकटी तिच्या पुढ्यात आल्या. पहिल्याच चौकटीच्या खाचेतून तिने अंगठा फिरवला आणि ती थांबली. खाच दोन सूत, म्हणजे पाव इंच खोल हवी. ही जेमतेम एक सूत होती, आणि मधेच वाकडी गेली होती. तिने सगळ्या अठरा पाहिल्या. सगळ्या तशाच.

दुपारी तिने डबा उघडला. रताळ्याची पेज आणि खारवलेलं अंडं. त्सुईबोकने चमचा उचलला. पेज सांडू लागली, तसा त्याने वाडगाच तोंडाला लावला.

“चमच्याने काय पाप केलंय?” ती म्हणाली.

“चमच्याने बायका खातात.”

“हात थरथरतोय तुझा.”

“थंडी आहे.”

“घाम आलाय तुला, म्हाताऱ्या.”

“मग तुझ्याकडे बघून थरथरतोय. चाळीस वर्षं झाली, अजून भीती जात नाही.”

शेजारचे दोघे खो खो हसले. तीही हसली. खाचेचा विषय तिने काढला नाही.

एवढ्याशा खाचेत पुरता भिजलेला वेत बसवला तर वाळताना तो पट्टीसकट उखडून येणार. मग मुकादम चौकट हातात घेणार, खाच बघणार. पुढचं तिला ठाऊक होतं. खाच खोल करायला एका चौकटीत तिने स्वतः पटाशी घालून पाहिली. लाकूड समोरून फुटलं. चौकट पडून फुटली, असं तिने मुकादमाला सांगितलं.

मुकादमाचं नाव खो, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तो तिला वहिनी म्हणायचा. “वहिनी, तुमच्या हातून कधी काही पडलंय का? पायावर घ्यायची ना!”

“पाय महाग आहेत रे, चौकट स्वस्त.”

“मालकाला विचारा, उलटं सांगेल.”

त्सुईबोकने नवी चौकट करून दिली. तिचीही खाच तशीच उथळ.

दुसऱ्या दिवशी तिने वेत पाण्यात टाकला आणि वीस मिनिटांत बाहेर काढला. बादलीकडे पाठ करून तो पुसला. अर्धवट भिजलेला वेत फारसा आवळत नाही, त्या खाचेत तो तग धरणार होता. अठरा जाळ्या तिने हातानेच ताणून बसवल्या. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत ती कुणाशी फारसं बोलली नाही.

हवा कोरडी होती. जाळ्या सपाट दिसत होत्या. मुकादमाने एका दारावर टिचकी मारली. आवाज दबका आला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“सर्दी झालीय त्याला,” ती म्हणाली.

तो हसला आणि कागदावर सही केली. सव्वीस वर्षांत तिचं काम कुणी दुसऱ्यांदा तपासलं नव्हतं.

बोट तीन आठवडे समुद्रावर चाचणीला जाऊन आली. ती परतली त्या सकाळी मुकादमाने एक दार खांद्यावरून आणलं आणि बाँगयोच्या पाटावर ठेवलं. जाळी मधोमध पोटासारखी सुटली होती. मागे गिऱ्हाइकाचा माणूस उभा होता. हळूहळू सगळे जमले.

“अठराच्या अठरा,” मुकादम म्हणाला. आज तो वहिनी म्हणाला नाही.

तिने जाळीवर हात ठेवला. आत्ता फक्त पट्टी उपटून खाच दाखवायची होती. क्षणाचं काम. त्सुईबोक गर्दीतून पुढे आला.

“किती भिजवला होतास?” त्याने विचारलं.

तिने जाळीवरचा हात उचलला.

“बोल ना. दीड तास?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं!” तो सगळ्यांकडे वळला. “नव्या पोरींना काम शिकवते, आणि स्वतः वीस मिनिटं! का?”

त्याला खरंच कळलं नव्हतं. तिने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिथे फक्त लाज होती, तिच्यामुळे आलेली.

“कंटाळा आला,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

दुपारी मुकादमाने दोघांना कार्यालयात बोलावलं. त्याने दोघांना चहा दिला आणि स्वतः उभा राहिला. गिऱ्हाइकाला वेत नको झाला होता. या बोटीची दारं बदलायची आणि पुढच्या बोटीतही वेत लावायचा नाही, असं वर ठरलं होतं. त्याऐवजी सागाच्या तिरप्या पट्ट्यांची दारं. हवा तशीही खेळते.

“म्हणजे वहिनींचं काम आता…” तो अडखळला. मग त्सुईबोककडे वळून घाईने म्हणाला, “पण मिस्त्री, तुमचं वाढलं. एका दाराला बावीस पट्ट्या. चव्वेचाळीस खाचा, सगळ्या एका कोनात. केसाएवढा फरक पडला तर पट्टी बसायची नाही. हे तुमच्याशिवाय कोण करणार?”

“कुणीच नाही,” त्सुईबोक म्हणाला. त्याची मान ताठ होती. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

बाँगयोने चहाला तोंड लावलं नाही. जे बोलायचं होतं ते आता बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. खरं सांगितलं तर दोघंही बाहेर, आणि वर तो सगळ्यांसमोर खोटा ठरणार. नाही सांगितलं तर तो आत, एकटा.

तिने आपल्या सुऱ्या, टोचायची आर आणि हातोडी फडक्यात बांधली. उरलेल्या वेताच्या गुंडाळ्या तशाच ठेवल्या. सुतारखात्यावरून जाताना त्सुईबोकने वर पाहिलं नाही. तो सागावर रेघ आखत होता. ती वाकडी गेली. त्याने ती बाहीने पुसली.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागे यंत्र सुरू झालं. लगेच थांबलं. ती उभी राहिली. यंत्र पुन्हा सुरू झालं, लाकडाला लागलं, थांबलं. मग फळी जमिनीवर टाकल्याचा आवाज आला. पहारेकऱ्याने तिच्यासाठी फाटक उघडून धरलं होतं.

“जाताय ना, मावशी?”

आत तिसऱ्यांदा यंत्र सुरू झालं.