मुशीच्या तेलातली फियाट

दांडीच्या कोळीवाड्यात चिंतूसारखा कोळी पुन्हा जन्मला नाही. होडी खाडीबाहेर पडली, की बापाच्या हातात जाळं आणि चिंतूच्या तोंडात कालचं जेवण. शेवटी बापाने हात टेकले आणि चिंतू बोईसरला कांतिशेठच्या फियाटवर ड्रायव्हर झाला. जमीन हलत नव्हती. आणखी काय हवं माणसाला?

चौऱ्याऐंशी साली शेठने गाडीला नवा काळा रंग मारून घेतला.

"चिंतू, एक बी ओरखडा दिसला, तर तू परत होडीवर."

नुसत्या ऐकण्यानेच चिंतूला मळमळलं.

कारखान्यांची राख रोज गाडीवर बसे. त्यात एकदा दुसऱ्याच दिवशी शेठच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. चिंतूने डोकं चालवलं. खाऱ्या पाण्यापासून होडीचं लाकूड कोण राखतं? मुशी माशाचं तेल! दांडीहून बापाच्या घरचा डबा आणून त्याने संध्याकाळी अख्खी फियाट मायेने चोपडली.

सकाळी गाडी रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखी उभी. सगळी राख तेलात चिकटलेली. पुसावं तर खरखरीत राख रंग सोलणार. न पुसावं तर शेठ चिंतूला सोलणार. चिंतूने फडकं उचललं.

"रगडू नका वो!" शेठच्या बंगल्यामागच्या आपल्या खोलीतून चिंतूची बायको, सोजराबाई, धावत आली. "माजं लग्नातलं पातळ असं घासाल काय?"

"मग काय करू? गाडी दोरीवर वाळत घालू? सोजरा, मी होडीवर मरंन गं!"

"मेल्यावर वांती होत नाय. धक्का मारा."

दोघांनी गाडी बदामाच्या सावलीत ढकलली, उन्हात फेस वाळून डाग पडू नयेत म्हणून. सोजराबाईने रिठे उकळले. आधी नुसतं पाणी ओतून राख घालवली, मग रिठ्याचा फेस, पुन्हा पाणी. जुन्या लुगड्याचा मऊ बोळा वरून खाली अलगद फिरवायचा, दर वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचा. चिंतू टपाला हात जोडून म्हणत होता, "बाय माजी, सांभाळ!"

आणि गाडी न्हाऊन निघाली! काळीभोर, आरशासारखी. ओरखडा औषधालाही नाही. चिंतूच्या डोळ्यांत पाणी आलं.

बॉनेटच्या फटीत मात्र थोडं तेल राहिलं होतं. ऊन चढलं तसं ते तापून दरवळलं. कांतिशेठच्या शाकाहारी आळीत अख्खा जन्म दुधावर काढलेला एक बोका भिंतीवरून थेट बॉनेटवर उतरला आणि फट चाटू लागला.

"हाड!" चिंतू ओरडला.

बोका दचकला. गुळगुळीत, निसरड्या रंगावर पाय ठरेनात. चारही पंज्यांची नखं रोवून तो काचेपासून दिव्यापर्यंत घसरत गेला. कर्रर्र!

पायरीवर शेठ कडक इस्त्रीत उभे होते. त्यांनी ओरखड्यांकडे पाहिलं, हवा हुंगली आणि नाकाला रुमाल लावला.

"शेठ, मी नाय केला, बोक्यानं..."

शेठने रुमालाआडून नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं. पायाखाली चांगली कोरडी, पक्की जमीन असूनही चिंतू तिथल्या तिथे वाकला आणि भडाभडा ओकला.