माशांशी मराठी बोलणारे दादाभैया

दादाभैया पाण्यात परत सोडायच्या माशाला 'आपण' म्हणत. गळ अलगद काढून झाला की ते माशाला दोन्ही तळव्यांवर पाण्यातच आडवा धरत, त्याचे कल्ले नीट उघडमिट करू लागेपर्यंत थांबत आणि मग हळू आवाजात म्हणत, "तसदी दिली. या आता आपण." मासा शेपटी मारून निघून जाई. दादाभैया ओल्या हातांनी नमस्कारासारखं काहीतरी करत आणि आमच्याकडे वळून हिंदीत विचारत, "चाय चलेगी?"

माणसांशी हिंदी, नावाड्यांशी बुंदेली आणि माशांशी मराठी, अशी त्यांची वाटणी होती. त्यांच्या घराण्याला झाशीत येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या होत्या. घरात मराठी बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची आई. बायको कानपूरची होती, त्यामुळे मुलगी शुभदा हिंदीतच वाढली. आई गेल्यावर बोलायला कुणी उरलं नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षातून एकदा भेटणारी माणसंही आरती संपली की हिंदीवर येत. नावाचंही तसंच झालं होतं. घरचे त्यांना 'दादा' म्हणायचे, गाव 'भैया' म्हणायचं, आणि कुणीतरी दोन्ही एकत्र करून टाकलं होतं.

माझी त्यांची ओळख झाशीच्या सदर बाजारात झाली. माझा नवरा महेश फौजेत, झाशीजवळच्या बबीन्याला पोस्टिंगवर. मी मालवणची. बबीन्याच्या क्वार्टरात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि एका दुकानात ताडपत्री घेण्यावरून मी महेशशी मराठीत हुज्जत घालत होते. मागून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. "क्षमा असावी," ते म्हणाले, "आपलं भांडण चालू राहू द्या. मी फक्त ऐकतो आहे." आम्ही दोघंही गप्प झालो. त्यांना त्याचं खरंच वाईट वाटलं.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दादाभैयांनी बेतवेवरच्या धरणाच्या जलाशयात एक तरतं घर बांधलं होतं. रिकाम्या पिंपांवर फळ्या, फळ्यांवर तीन खोल्या, वर पत्रा, चारी बाजूंनी व्हरांडा. धरणाच्या घाटापासून मोटरबोटीनं दोन तास आत, जिथे दोन्ही काठांना नुसत्या टेकड्या आणि झाडी, तिथे ते नांगरलेलं असे. फोन लागत नसे. दरवर्षी थंडी सरता सरता ते एका आठवड्यासाठी चार-पाच पाहुण्यांना मासे धरायला तिथे नेत. त्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं केलं, आणि मुलाला शेजारच्या क्वार्टरात ठेवून आम्ही गेलो. महेशला गळ टाकायचा नाद होता. मला का बोलावलं होतं ते मला ठाऊक होतं.

मालवणच्या बाईला मासेमारीच्या आठवड्याला नेणं म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नसावी. मी मसाला डब्यात भरून नेला होता. पहिल्याच दुपारी महेशला हातभर लांबीचा महसीर लागला आणि मी विचारलं, कापायला सुरी कुठे आहे. दादाभैयांचा चेहरा पडला. मग त्यांनी समजावलं की इथे धरलेला प्रत्येक मासा परत जातो. त्यांनी स्वतः आयुष्यात मासा चाखला नव्हता. आमिषसुद्धा कणकेच्या गोळ्याचं लावत, त्यात हिंग आणि बडीशेप मळून. "सूनबाई," ते म्हणाले, "पाहुणा दारी आला म्हणून कोणी त्याला शिजवतं का?" सात दिवस मी वरणभात, भरली वांगी आणि बाजरीची भाकरी खाल्ली, आणि सातही दिवस ते माझ्या ताटाकडे अपराधी नजरेनं बघत होते.

स्वयंपाक ते स्वतः करत. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही, एवढ्याशा त्या खोलीला ते 'मुदपाकखाना' म्हणत. पसरट भांड्याला तसराळं, वाढायच्या पळीला ओगराळं. हे शब्द मी लहानपणी पणजीच्या तोंडी ऐकले होते. त्यांच्या मराठीत मध्येच हिंदीची चालही येई. "पाण्यावर आल्यावर माणसानं घड्याळ काढून ठेवणं आहे," असं ते म्हणत आणि खरोखरच सगळ्यांची घड्याळं एका डब्यात जमा करत. मी बोलू लागले की हातातलं काम थांबवून ऐकत. 'निवांत' हा शब्द माझ्या तोंडून आला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. आई गेल्यापासून ऐकला नव्हता म्हणाले.

त्यांच्याबरोबर कायम असत हल्केभैया. नाव हल्के, पण अंगानं चांगले दणकट, पन्नाशीचे, काठच्या गावचे नावाडी. पंचवीस वर्षं दोघं एका नावेत बसलेले. दादाभैयांनी नुसता हात वर केला तरी इंजिन बंद करायचं की वळवायचं हे हल्केभैयांना समजे. शब्दांचं काम फारसं पडतच नसे.

दुसऱ्या वर्षीही आम्ही गेलो. आमच्याखेरीज भोपाळचे एक निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र होते. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास दादाभैया व्हरांड्यात बसून दोऱ्याला गळ बांधत होते. मी समोर चहा घेऊन उभी. त्यांच्या उजव्या हातातून दोरा सुटला. त्यांनी तो उचलला, पुन्हा सुटला. मग ते आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचा हात मांडीवर येऊन पडलाय. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी कप खाली ठेवेपर्यंत ते खुर्चीतून कलंडले.

डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच सांगितलं की हा मेंदूचा झटका आहे. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. ते म्हणाले, यांना शक्य तितक्या लवकर इस्पितळात पोचवायचं, एवढाच उपाय आहे, आणि यात एकेक तास मोलाचा असतो. हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला जास्त भीती वाटली.

पण पहाटेपासून पश्चिमेचा वारा सुटला होता. आमच्या खाडीसारख्या भागात तो कमी जाणवे. पुढे जलाशय रुंद होई तिथे मात्र पांढऱ्या लाटा उठलेल्या दिसत होत्या. हल्केभैयांनी दादाभैयांना गादीसकट बोटीत ठेवलं, महेश डोक्याशी बसला, आणि ते निघाले. अर्ध्या तासात परत आले. बोटीत घोटाभर पाणी, गादी भिजलेली, इंजिन दोनदा बंद पडलेलं. हल्केभैया कुणाकडेही न बघता म्हणाले, "आज पानी जान नईं दै रओ."

महेश काठावर उतरून टेकडी चढून गेला. वर कुठेतरी त्याला फोन लागला. अॅम्ब्युलन्स अकरा वाजता घाटावर येऊन उभी राहिली, हे आम्हाला तो खाली आला तेव्हा कळलं. तिच्यापर्यंत पोचायला काठानं रस्ता नव्हता, नुसते कडे आणि काटेरी झाडी. मध्ये फक्त पाणी होतं. डॉक्टर दर थोड्या वेळानं नाडी बघत आणि घड्याळांच्या डब्यातून काढून घेतलेल्या आपल्या घड्याळाकडे बघत. बाकी आम्ही सगळे वाऱ्याकडे बघत होतो. वाऱ्याला काय करणार?

दुपारी दादाभैयांनी डोळे उघडले. ओठ हलले, शब्द जडपणे बाहेर आले. हल्केभैया वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होते. पुन्हा पुन्हा ऐकलं. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या माणसाचं बोलणं कळलं नव्हतं.

"भाभीजी, भैया का कै रए?"

दादाभैया मराठी बोलत होते. मी सांगितलं, "विचारताहेत, पाहुण्यांचं जेवण झालं का."

हल्केभैया उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी दादाभैयांना म्हणाले, हो, झालं सगळ्यांचं. कुणीच जेवलं नव्हतं.

वारा साडेचारला पडला. आम्ही घाटावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता, आणि झाशीच्या इस्पितळात पोचेपर्यंत वेळेवर द्यायच्या औषधाची वेळ उलटून गेली होती. दादाभैया वाचले. उजवी बाजू गेली आणि हिंदी गेली. इस्पितळातल्या नर्सनं नाव विचारलं, गाव विचारलं. त्यांनी उत्तरं दिली, पण तिला वाटलं की ते असंबद्ध बरळताहेत. मी तिला म्हणाले, सिस्टर, ते बरोबर सांगताहेत, फक्त मराठीत. मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं कधी कधी. मागून शिकलेली भाषा जाते, आईची राहते. बरेचदा दोन्ही जातात, त्यामानानं हे नशीबवान. शुभदा शेजारी उभी होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी, आणि तिच्या वडिलांकडे उरलेल्या भाषेतली तिला पाच-पंचवीस वाक्यं येत होती.

पुढचे चार महिने मी आठवड्यातून तीनदा बबीन्याहून झाशीला जात असे. बसनं स्टँडवर, तिथून ऑटोनं त्यांच्या घरी. माझं काम सोपं होतं. दादाभैया बोलायचे, मी शुभदाला हिंदीत सांगायची. पाठ खाजते आहे. उशी उंच झाली. दुधात साखर नको. एकदा ते म्हणाले, शुभदाला सांग, तिच्या आईशी मी नीट वागलो नाही. हे मी कसं सांगावं मला कळेना. शुभदा बघत होती. मी शेवटी सांगितलं. ती त्यांचा डावा हात धरून बसून राहिली. दुसऱ्यांच्या घरातल्या अशा गोष्टी माझ्या तोंडून जाव्यात, याची मला लाज वाटे. पण त्या जायला दुसरी वाट नव्हती. हल्केभैया दर सोमवारी येत. भिंतीला टेकून तासभर बसत आणि जाताना दादाभैयांच्या पायांना हात लावत. तरत्या घराबद्दल कुणी विचारलं तर सांगत, पाणी उतरलं, एक बाजू चिखलात बसली आहे.

मग महेशची बदली आली, राजस्थानात. फौजीच्या बायकोला याचं नवल नसतं. आठ दिवसांत सामान बांधायचं असतं, खोक्यांवर नाव-नंबर घालायचे असतात. तरी मी महेशला म्हटलं, काही महिने पुढे नाही का ढकलता येणार? त्यानं अर्ज केला. कारण काय लिहिलं होतं त्यानं, मी विचारलं नाही. अर्ज नामंजूर झाला. मराठी मंडळातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी भेटून आले. ते भले होते, येतो म्हणाले आणि आलेही दोन-तीनदा, पण त्यांना ऐकू फार कमी येत असे. दादाभैयांचे जडावलेले शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचेनात.

निघायच्या आदल्या दिवशी मी दादाभैयांना सांगितलं. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. फोन करीन, शुभदा फोन कानाला लावील, रोज बोलू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तक्रारीचा सूर त्यांच्या आवाजात कधीच नसे, तेव्हाही नव्हता. एखादी व्यवस्था विचारावी तसं त्यांनी विचारलं,

"बरं. मग मी बोलणं कोणाशी करू?"

मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिले. शुभदानं हिंदीत विचारलं, बाबूजी काय म्हणाले? मी म्हटलं, नीट जा म्हणाले. त्यांचं बोलणं मी खोटं सांगितलं असं ते एकदाच.

फोन काही दिवस झाले. पण फोनवर त्यांचा आवाज नुसता घशात घोटाळे, मला निम्मं समजे, आणि माझा आवाज कुठून येतोय हे त्यांना कळेनासं होई. ते दाराकडे बघत बसतात, असं शुभदा म्हणाली. मग आम्ही ते थांबवलं. त्याऐवजी शुभदा मला निरोप पाठवी, ऐकू आले तसे शब्द देवनागरीत लिहून. 'भाभी, निजतो मतलब?' 'भाभी, आळणी क्या होता है?' मी लगेच उत्तर देई. वही घातली आहे म्हणाली. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. एकदा तिनं स्वतः बोललेलं वाक्य आवाजात टिपून पाठवलं, 'बाबूजी, तुम्ही पाणी पिणार का?' उच्चार सगळे हिंदी. मी ते महेशला ऐकवलं.

कार्तिकात दादाभैया गेले. मला जायला जमलं नाही. मुलाला ताप होता आणि महेश सीमेवर.

तेराव्यानंतर शुभदानं एक आवाजाचा निरोप पाठवला, सोबत दादाभैयांचं फोनवर टिपलेलं बोलणं. शेवटच्या दोन दिवसांत ते एकच वाक्य सारखं म्हणत होते, वहीत कुठे सापडत नाही, भाभी, तुम्ही ऐकून सांगा. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ऐकलं. वाक्य तीन शब्दांचं आहे. पहिला 'मला'. शेवटचा 'न्या'. मधला शब्द कुठल्या तरी जागेचा असावा, शेवटी '-णीत' ऐकू येतं, पण तो 'न्हाणीत' नाही. घरातली एखादी खोली असेल, किंवा लहानपणी खेळायची एखादी जागा असेल. माझ्या मराठीत तो शब्द नाही. मी मालवणला आईला ऐकवला, तिला नाही कळला. पुण्याच्या आत्याला ऐकवला. ज्यांना कळला असता त्या सगळ्या माणसांत दादाभैयाच शेवटचे होते.

शुभदा अजून वाट बघते आहे. मी तिला लिहिलं आहे की विचारून सांगते.