नदीचं पाणी सव्वीस अंश

पुंजाराम नदीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा आणि दिसेल तोच आकडा वहीत लिहायचा. दर तासाला एवढंच त्याचं काम, आणि एवढ्यावरूनच आमच्या वीजघरात त्याचं कुणाशी पटत नव्हतं. अकोल्याला कापसाच्या जिनात इंजिनावर बारा वर्षं काढून तो एकसष्ट साली इथं आला. कुणी तास व्हायच्या आधीच आकडा भरून ठेवला, की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "वाजले का अकरा? मंग काहून लेहलं?"

मी कचेरीत कारकून. त्याच्या वहीवरून महिन्याचा अहवाल करून मुंबईला धाडायचो. वैशाखात पाणी चौतीस अंशांवर गेलं. यंत्रातली वाफ याच पाण्यानं थंड करायची; ते तापलं की वाफ नीट थंड होत नाही, यंत्राचा जोर कमी पडतो आणि तेवढ्याच विजेला कोळसा जास्त लागतो. हे सगळ्यांना ठाऊक. पण मोठ्या साहेबांना यंत्र बारमाही ठणठणीत दाखवायचं होतं. "सव्वीस लिहा," म्हणाले. मी अहवालात निमूट लिहिलं.

मुंबईवाल्यांनी सरळ अर्थ काढला. पाणी थंड, यंत्र उत्तम, तरी कोळसा जास्त, म्हणजे भट्टीवाला उधळतो. भट्टीवर डोमाजी होता. त्याला काढून टाकायचा हुकूम घेऊन तपासनीस आले आणि 'पाणी सव्वीस अंश, तरी कोळसा जास्त' हे कारण त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगावरची कोळशाची भुकटीही न झटकता तो बिचारा हुकमावर अंगठा द्यायला उभा राहिला, आणि मीच, लाज वाटते सांगायला, त्याच्यापुढे शाईचा पॅड सरकवला.

तेवढ्यात पुंजाराम बादली घेऊन आत घुसला. ती त्यानं टेबलावर अशी आदळली की हुकूम भिजला.

"साहेब, हात टाका याच्यात. आत्ता नदीतून आनलं. हे सव्वीस हाय का?"

तपासनिसांनी हात बुडवला, मग थर्मामीटर मागवला. चौतीस. त्यांनी पुंजारामची वही आणि माझा अहवाल शेजारी ठेवून पाहिला, आणि डोमाजीला भट्टीवर परत पाठवलं.

"सव्वीस कुणी लिहिलं?"

मी तिथंच उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांकडे बोट दाखवलं. "यांनी सांगितलं."

पुंजाराम माझ्यावर उसळला. "सांगतलं त्यायनं. लेहलं कोनं, बाबू? डोमाजी घरी गेला असता, तं त्याच्या पोट्ट्यायले तू काय सव्वीस खाऊ घातलं असतं?"