मजकुराबाहेरचा एक शब्द

सदर व्यक्ती शासकीय रेडिओ केंद्रात वृत्तनिवेदिका या पदावर कायमस्वरूपी कार्यरत आहे. उंची मध्यम. बांधा लक्षात न राहणारा. आवाज स्पष्ट, विश्वासार्ह व भावनारहित (घशाच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे). वैवाहिक स्थिती : अविवाहित. स्वतःची मते : आढळून आली नाहीत. सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा : आजतागायत नाही.

कार्यालयानं केलेल्या या वर्णनात खोटं काहीच नव्हतं. गल्लीत तिला बातमीबाई म्हणत, आणि मतं तिला खरोखरच परवडत नसत. सकाळी दरवाढ का अटळ आहे ते समजावून सांगायचं आणि संध्याकाळी दरवाढ टाळल्याबद्दल शासनाचं अभिनंदन वाचायचं, अशा धंद्यात मत बाळगणं म्हणजे खिशात दगड भरून पोहायला उतरणं. तिच्याकडे नाव घेण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आवाज. तिनं 'उद्या पाऊस' म्हटलं की लोक दोरीवरचे कपडे आजच काढून घेत.

घर दुमजली, पण उगाच मोठं वाटेल असं नव्हे. वरच्या खोलीत ती, खालच्या दोन खोल्यांत वहिनी आणि भाचा. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाचा लहान असताना पावडरचा डबा तोंडापुढं धरून हुबेहूब आत्याच्या आवाजात घरच्या बातम्या द्यायचा. "स्वयंपाकघरातून मिळालेल्या वृत्तानुसार, आज पुन्हा भोपळा. नागरिकांनी शांतता राखावी." वहिनी लाटणं दाखवायच्या, आणि त्याचीही बातमी व्हायची.

युद्धाची बातमी तिनंच वाचली. नदीपलीकडच्यांनी आपली सीमेवरची चौकी जाळली, आतले सगळे जवान गेले, आता शासनापुढं दुसरा मार्ग उरलेला नाही. निवेदिकेनं मजकूर आधी डोळ्यांखालून घालायचा असतो, पण तो उच्चारासाठी. खरं-खोटं पाहायला वेगळा विभाग होता, आणि मजकूर वरून आलेला असल्यामुळे त्या विभागानं तो नुसता पुढं सरकवला होता. तिनं तो नेहमीच्या आवाजात वाचला, आणि तेच भोवलं. मंत्र्यांचं भाषण नंतर झालं. पण मंत्री काय, बोलतातच. लोकांनी मानलं ते बातमीबाईनं सांगितलं म्हणून.

भाच्यानंही मानलं. दुसऱ्या दिवशी तो भरतीला निघाला. वहिनी दारात आडव्या आल्या. "अरे, थोडं थांब. खरं काय, खोटं काय, कळू तरी दे."

"आई, आत्यानं सांगितलंय," तो म्हणाला. "आत्या कधी चुकते का?"

पुढं कळलं की चौकी आपल्याच स्वयंपाक्याच्या स्टोव्हनं पेटली होती. वरच्यांना हे आठवडाभरातच कळलं होतं म्हणतात. पण तोवर फौजा नदी ओलांडून गेल्या होत्या. एवढी माणसं, एवढ्या तोफा पलीकडं नेल्यावर 'माफ करा, स्टोव्ह आमचाच होता' म्हणून मागं फिरणं बरं दिसलं नसतं. तेव्हा युद्ध रीतसर लढलं गेलं. दोन्ही बाजू दमल्या तेव्हा सीमा होती तिथंच ठेवून सगळे घरी आले, म्हणजे येण्याजोगे जे उरले होते ते. भाचा त्यांत नव्हता. त्याची तार आधीच आली होती.

स्टोव्हची गोष्ट फुटली तेव्हा लोकांना कुणावर तरी रागवायचं होतं. मंत्र्यांच्या बंगल्याला पहारा होता. सेनापतींच्या फाटकात कुत्रा होता. बातमीबाई वाणसामानाला पायी येत असे.

किराणा दुकानात तिनं साखर मागितली आणि रांगेतल्या माना वळल्या.

"आवाज ओळखीचा वाटतोय गं बाई," एक म्हातारी म्हणाली.

"वाटणारच," किराणावाला म्हणाला. "याच आवाजानं माझा तराजूवरचा माणूस नेला. बोला बाई, आज कुणी काय जाळलं म्हणायचं?"

"घरातली साखर संपलीय," ती म्हणाली.

"आधी खात्री करून घ्या. नाहीतर इथून ओझं वाहून न्याल, आणि डबा भरलेला निघायचा."

दुकान हसलं. हसणाऱ्यांत असे तिघे-चौघे होते, की युद्ध पुकारलं त्या संध्याकाळी ज्यांनी चौकात एकमेकांना खांद्यावर घेतलं होतं. पण खांद्यावर घेण्याची नोंद कुठं होत नाही, आणि आवाज मात्र सगळ्यांच्या कानांत राहतो.

त्या दिवसापासून तिनं बाहेर बोलणं सोडलं. दुकानात बोट दाखवायची, बसमध्ये कंडक्टरला खुणेनं थांबा सांगायची. एकदा एका गृहस्थानं उठून जागा दिली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बिचारी मुकी आहे." राष्ट्रीय बातमीपत्र वाचायला निघालेल्या बाईनं मान लववून त्याचे आभार मानले.

लोकांचं तिला फारसं लागत नव्हतं. लागत होतं ते वहिनींचं. वहिनींनी टोमणा मारला असता, भांडी आपटली असती, तर भांडायला तरी जागा झाली असती. त्यांनी काहीच केलं नाही. पूर्वी त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारायच्या, "वन्सं, जेवण निवतंय." तार आल्यापासून ती हाक बंद झाली. ताट जिन्याच्या पायरीवर झाकून ठेवलेलं असायचं, मीठ विसरलेलं नसायचं. तिला शासनाकडून काही नको होतं, गल्लीकडूनही नको होतं. वहिनींनी एकदा तोंड उघडावं, मग शिव्या का देईनात, एवढंच हवं होतं. आपण होऊन खालच्या दारात जायची तिची छाती होत नव्हती. जाऊन बोलायचं काय? तिला आयुष्यभर कुणीतरी लिहून दिलेलं बोलायची सवय.

चौकशी आयोग बसला होता. तो बसला तो चांगलाच बसला. उठला तेव्हा लोकांना तो कशासाठी बसला होता ते आठवावं लागलं. अहवाल केंद्रावर आला तो संध्याकाळच्या बातमीपत्राच्या तोंडावर. डेस्कवरच्या साहेबांना माघारी सगळे 'स्वल्पविराम' म्हणत, कारण त्यांच्या हातून पूर्णविराम पडत नसे. वाक्यालाही नाही, निर्णयालाही नाही.

"हे तुम्हीच वाचा," साहेब म्हणाले, "वरून तसं सांगितलंय, म्हणजे सांगितलं नाही, सुचवलंय, आवाज तोच असला की लोकांना बरं वाटतं,"

"पाळी काकांची आहे."

काका म्हणजे तिच्याबरोबर वाचणारे ज्येष्ठ निवेदक. ते चष्मा पुसत होते. "माझा घसा बसलाय," ते म्हणाले.

"सकाळी तर चांगला होता."

"सकाळी अहवाल वाचला नव्हता."

तिनं कागद डोळ्यांखालून घातले. चौकी स्टोव्हमुळे पेटली हे निर्विवाद. स्टोव्ह सदोष होता. तो बनवणारा कारखाना पूर्वीच बंद पडला आहे. निर्णय उपलब्ध माहितीच्या आधारे व सामूहिकरीत्या घेतला गेला. हेतू शुद्ध होता. कोणत्याही एका व्यक्तीस जबाबदार धरता येणार नाही.

"साहेब, माहिती दिली कुणी, ते यात नाही."

"माहिती उपलब्ध होती ना,"

"आपोआप?"

"तसंच काहीसं धरून चला,"

"आणि गेलेली माणसं?"

"ती परिशिष्टात आहेत, परिशिष्ट वेळेअभावी घ्यायचं नाही,"

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. निवेदकाला मजकुरातला काना-मात्राही बदलायची मुभा नसते. मात्र जीभ अडखळली किंवा आकडा चुकला, तर 'क्षमस्व' म्हणायचं, चुकलेलं वाक्य दुरुस्त करून पुन्हा वाचायचं आणि पुढं जायचं. सगळ्या केंद्रात हा एकच शब्द असा होता, की जो कुणी लिहून देत नसे, कुणी तपासत नसे आणि ज्याला वरची परवानगी लागत नसे. बातमीबाईला तो फार क्वचित लागला होता. त्याबद्दल तिला मागं एक भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं होतं, तेही मागं पडणारं.

स्टुडिओतला लाल दिवा लागला. तिनं वाचलं. स्टोव्ह नीट वाचला, कारखाना नीट वाचला, 'सामूहिक' आणि 'शुद्ध' जिथल्या तिथं ठेवले. कोणत्याही एका व्यक्तीस जबाबदार धरता येणार नाही, हे वाक्य संपलं. जीभ कुठंही अडखळली नव्हती.

"क्षमस्व," ती म्हणाली.

आणि थांबली. रीतीप्रमाणे आता तेच वाक्य दुरुस्त करून यायला हवं होतं. काचेपलीकडचा तंत्रज्ञ बटणावर बोट ठेवून वाट पाहत होता. साहेब दारात येऊन वाट पाहत होते. दुरुस्त वाक्य तिच्याकडे नव्हतं. तिनं पुढचं पान घेतलं आणि हवामान वाचलं.

तो शब्द देशासाठी नव्हता. एका जिन्याखालच्या खोलीसाठी होता. घरी आल्यावर ती मुद्दाम पावलं वाजवत जिना चढली, वर जाऊन खाकरली, दार उघडंच ठेवून बसली. खालून काही आलं नाही. पायरीवर ताट होतं, झाकलेलं. तिनं तेच उत्तर मानलं. माफी मागणं आपल्या हातात, देणं वहिनींच्या. नाही दिली तर तो त्यांचा हक्क.

दुसऱ्या दिवशी किराणावाल्यानं न विचारता साखर बांधून दिली. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली हो," तो हळहळला. दोर वळायला आपलाही हात लागला होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलंही असेल. दुकान चालवायचं तर सगळंच ध्यानात ठेवून भागत नाही.

सभागृहात विरोधकांनी संरक्षणमंत्र्यांकडे माफीची मागणी केली. मंत्री शांतपणे उठले. "माफी काल राष्ट्रीय बातमीपत्रातून मागून झालेली आहे," ते म्हणाले. "सन्माननीय सदस्य रेडिओ ऐकत नसतील तर त्याला माझा इलाज नाही. एकच गोष्ट किती वेळा मागायची?" बाकं वाजली. विषय संपला. माफी कुणी मागायची, हे इतकी वर्षं कुणाला न सुटलेलं कोडं एका बाईच्या एका शब्दानं सुटलं, आणि ते मंत्र्यांच्या बाजूनं सुटलं. ती बातमीही संध्याकाळी वाचायची होती. काकांचा घसा एव्हाना मोकळा झाला होता.

त्याच दुपारी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

"बाई, काल तुम्ही अडखळलात ना,"

"नाही."

"अडखळले म्हणा हो, काय जातं तुमचं, मी तसं लिहितो, तुम्ही सही करा, घरी जा,"

"मी अडखळले नव्हते, साहेब."

"मग तो शब्द कुठून आला, मजकुरात नाही, डेस्कवर नाही, वरूनही नाही, मग कुणाचा,"

"माझा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या टेबलावर आजवर असं उत्तर आलं नव्हतं. आयोगानं शेकड्यांनी साक्षी नोंदवल्या, त्यांत प्रत्येकानं वर किंवा खाली बोट दाखवलं होतं. या सगळ्या युद्धात एखादी गोष्ट 'माझी' म्हणणारं हे पहिलंच माणूस सापडलं होतं, आणि सापडल्यावर मग कार्यालयानं वेळ दवडला नाही. फाईल इतक्या वेगानं वर गेली आणि खाली आली, की जुने कारकून उठून बघायला आले.

साहेब आदेश पुढं करताना म्हणाले, "बाई, अजूनही वेळ आहे." हा त्यांनी बोलून दाखवलेला पहिला पूर्णविराम असावा.

"वाचून दाखवू का?" तिनं विचारलं. साहेबांनी नको म्हणून हात हलवला.

आदेशात म्हटलं होतं : सदर व्यक्तीने मजकुराबाहेरील एक शब्द जाणीवपूर्वक प्रसारित केला असून त्यास ती व्यक्तिशः व संपूर्णतः जबाबदार आहे. सदर शब्द देशातील घरोघरी ऐकला गेला असल्याने झालेली हानी भरून येण्याजोगी नाही. सबब, तिला सेवेतून कमी करण्यात येत आहे.

पुढच्या संध्याकाळी, बातमीपत्राच्या वेळेला, ती अंगणातल्या नळावर बादली भरत होती. वहिनी वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या, तिला पाहून थबकल्या आणि कपडे हातावर घेत म्हणाल्या,

"वन्सं, आज या वेळेला घरी कशा? बरं नाही का?"

बादली भरून वाहू लागली तरी तिला नळ बंद करायचं सुचलं नाही. तो शब्द तिला पुन्हा म्हणता आला असता, समोरासमोर. पण लाल दिव्याशिवाय तो तिनं कधी म्हटला नव्हता.

"सुट्टी आहे," ती म्हणाली.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

खालच्या खोलीतला रेडिओ वहिनींनी तार आली त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला होता.