हलका हात

मरोळला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझ्या एका मित्राचा टॅटूचा गाळा आहे. सुई लावण्याआधी तो प्रत्येकाला तीनदा विचारतो, "पक्कं ना? नंतर पुसता येत नाही." या धंद्यापायी त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. आता ते सगळंच विसरतात, दोनदा आरे कॉलनीत हरवलेही. गेल्या महिन्यात त्याने त्यांच्या मनगटावर आपला फोन नंबर गोंदला. त्यांनाही तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली. दुसरा हात मी धरून बसलो होतो.

काम संपल्यावर वडील कौतुकाने म्हणाले, "हात हलका आहे हो तुमचा. कुठे शिकलात?"

पट्टी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "घरीच शिकलो, काका."

मला तिथे बसवेना.