टिल्लू चाळीस लेव्हलचा झाला

कवळीकाका दुपारच्या सुट्टीत राक्षस मारायचे. हसू नका, खरंच! दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. भिंतभर मांडणी, तिच्यावर अनोळखी लोकांचे प्लास्टरचे जबडे, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून काका एका मासिकासाठी भुयारकथा लिहायचे. चार वीर भुयारात उतरतात, दर मजल्यावर लढाई अवघड होत जाते, जिंकणाऱ्याची लेव्हल वाढते, लूट मिळते. काकांचा नियम कडक होता. कोण जिंकणार ते आपण ठरवायचं नाही. कवळीच्या गुलाबी मालाचा त्यांनी वीस बाजूंचा फासा घडवला होता. राक्षसाची ताकद आणि वीराची लेव्हल मांडायची, फासा टाकायचा, पडेल तसं लिहायचं. लाडकं पात्र मेलं तरी डोळे पुसून पुढचं वाक्य.

मग त्यांचा धाकटा भाऊ गेला. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं काम, लागून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि दोर तुटला. त्याला सगळे टिल्लू म्हणायचे. पुढच्याच अंकात टिल्लू नावाचा नवा वीर भुयारात उतरला, आणि त्याची पाळी आली की काका फासा टाकेनासे झाले.

सहा वर्षं हेच चाललं होतं. टिल्लूसमोरचा राक्षस नेहमी त्याच्याहून दोन लेव्हल कमी. लूट मात्र ढीगभर. न फुटणारी ढाल, न जळणारा अंगरखा, कितीही उंचावरून पडलं तरी अलगद उतरवणारे जोडे. मेलेला माणूस लेव्हल चढत चढत चाळीसवर पोचला. आणि त्याची पाळी लिहिताना काकांना मानेमागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवायचं. श्वास लागायचा मानेला. काका वळून बघत नसत. त्यांना भीती वाटायची, आणि तो निघून जाईल याची भीती त्याहून जास्त वाटायची.

एके दिवशी मासिकाच्या संपादकबाई फोनवर कडाडल्या, "अहो, ही कसली लुटुपुटूची लढाई? वाचक वैतागलेत. त्याला खरा राक्षस द्या, नाहीतर मालिका बंद!"

काकांनी फोन ठेवला. खरा फासा टाकला आणि वाईट पडला, तर टिल्लू दुसऱ्यांदा जाणार, तोही आपल्या हातानं. मालिका बंद झाली तरी तो जाणारच. टिल्लूची बायको दर अंक वाचायची. ती तरी आपली बाजू घेईल म्हणून काका तिच्याकडे गेले.

"भाऊजी, खरं सांगू?" ती म्हणाली. "मला तुमचा तो टिल्लू आवडत नाही."

"अगं, काय बोलतेस!"

"सहा वर्षांत तो एक शब्द तरी बोललाय का? आपला टिल्लू केवढा भित्रा! झुरळ दिसलं की खुर्चीवर उभा, आणि वर मलाच सांगणार, तू हो पुढे, मी मागून लक्ष ठेवतो."

दोघंही हसले. मग काकांना हसवेना.

घरी येऊन त्यांनी जुने अंक चाळले. खरंच की! चाळीस लेव्हल, आणि तोंडातून अवाक्षर नाही. का ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलू दिलं तर तो काय बोलेल, याचीच तर त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी भुयाराच्या दाराशीच टिल्लूची ढाल आणि जोडे काढून घेतले. खाली खोल विवर, तळाला पन्नास लेव्हलचा राक्षस. मानेमागे श्वास लागू लागला. काकांनी फासा उचलला, पण तो टाकण्याआधीच दुसऱ्या हातातलं पेन चाललं आणि टिल्लू बोलला.

"दादा, दोर जरा विरल्यासारखा दिसतोय. उतरू का?"

त्या भुयारात दादा नावाचं कुणी नव्हतं. दोर तुटला त्या सकाळी फोनवर मात्र होता. कवळीला पॉलिश करता करता तो हसून म्हणाला होता, "घाबरट कुठला! उतर, काही होत नाही."

काकांनी फासा खाली ठेवला. कागदावर त्यांनी लिहिलं, "नको रे राजा. उतरू नकोस. घरी जा." मग कितीतरी वेळ ते रडले. मानेमागे आता कुणीच नव्हतं.

त्यांनी भावजयीला फोन लावला. "त्या दिवशी वर चढल्यावर त्यानं मला विचारलं होतं. मीच म्हणालो, उतर."

"शेवटचा फोन तुम्हालाच होता, ते मी त्याच्या मोबाईलवर तेव्हाच पाहिलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "सहा वर्षं वाट बघतेय, तुम्ही कधी बोलताय."